चेस पाय फसतो कुठे? या चुका टाळा

चेस पायचा बुद्धिबळाशी काही संबंध नाही, आपल्या हातापायांशी तर नाहीच. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला हा जुना घरगुती पदार्थ. मैद्याच्या खुसखुशीत पारीत अंडी, साखर, लोणी, चमचाभर मक्याचं पीठ आणि थोडं व्हिनेगर. फळं नसतील त्या दिवसांतही जमणारा. सामान इतकं साधं, की चूक लपवायला जागाच नसते.

सगळ्यात जास्त पाय बिघडतात ते ओव्हनमधून उशिरा काढल्यामुळे. मी पहिल्यांदा केला तेव्हा केकसारखी सुरी खुपसून बघत बसले. सुरी कोरडी निघेपर्यंत ठेवला आणि गार झाल्यावर मधोमध भेग, कापला तर खाली पाणी. खरवस जास्त उकडला की जाळी पडून पाणी सुटतं ना, तसंच. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने आवळत जातात आणि धरलेलं पाणी सोडून देतात. ९ इंची पायला १७५ अंशांवर साधारण ४५ ते ५० मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. ४० मिनिटांनी टिन हलकेच हलवा. कडा घट्ट आणि मधला दोन इंचांचा भाग जेलीसारखा थरथरला, की लगेच बाहेर. लाटेसारखा हलला तर अजून कच्चा आहे. आतल्या उष्णतेने तो मधला भाग नंतर जमतो.

दुसरी गफलत खास आपली. कृतीत मक्याचं पीठ म्हटलं की हात कॉर्नफ्लॉवरच्या डब्याकडे जातो. ते पांढरं स्टार्च. इथे हवं पिवळं, किंचित भरड पीठ. बेक होताना ते वर येतं आणि वरची पातळ कुरकुरीत साय त्यानेच चांगली जमते.

आपली साखर जाड दाण्याची असते, ती मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या, नाहीतर दातांखाली करकरते. वितळलेलं लोणी कोमट होऊ द्या. कढत ओतलंत तर अंड्याची भुर्जी होईल. बीटर नको, साधा व्हिस्क पुरे. फार फेटलं की हवा भरते, वरचा थर फुगतो आणि मग पोकळ पापडासारखा मोडतो. दीड कप साखरेला चमचाभर व्हिनेगर हवंच, त्याचा वास येत नाही. ते टाळलंत तर गोडाने तोंड मिटतं.

पारी खाली ओली राहते? आधी तिच्यावर बटर पेपर पसरून वजनासाठी कोरडा राजमा भरा, १५ मिनिटं भाजा, मग राजमा आणि पेपर काढून सारण ओता. ओटीजीत खालची जाळी वापरा. वरून लवकर लाल झाला तर फॉइल सैलसर झाका.

कापायच्या आधी चार तास तरी गार होऊ द्या. मध्ये थोडा खाली बसेल, बसू दे. तो तसाच असतो.