बीबीए, बीबीए-सीए की बीसीएस? अर्ज भरण्याआधी हे करून बघा

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण निम्मी मुलं तिथेच अडकतात. मी संगमनेर भागात पदवीच्या मुलांना डेटाबेस शिकवते, त्यामुळे उदाहरणं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची देते. बीबीए म्हणजे व्यवस्थापन: मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ. बीबीए-सीए म्हणजे कॉमर्सकडचं पूर्वीचं बीसीए. नावात बीबीए असलं तरी त्यात जास्त पेपर कम्प्युटरचे असतात. तिथलं 'सीए' म्हणजे कम्प्युटर ॲप्लिकेशन, चार्टर्ड अकाउंटंटशी त्याचा संबंध नाही. बीसीए-सायन्स हे वेगळं, विज्ञान शाखेचं. आणि बीसीएस म्हणजे बीएस्सी कम्प्युटर सायन्स, त्याला बारावीला गणित लागतं. मुंबईकडे बीएमएस (मॅनेजमेंट स्टडीज) आणि बीएस्सी आयटी ही नावं जास्त ऐकू येतील.

म्हणून मुलांना माझं पहिलं सांगणं असतं की नावावर जाऊ नका, पेपरांची यादी वाचा. विद्यापीठाच्या साइटवर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते. ती उतरवून घ्या आणि फक्त विषयांचा तक्ता असलेली पानं छापून आणा. बीबीए-सीएच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये पहिल्या सेमिस्टरला व्यवस्थापनाची तत्त्वं, बिझनेस कम्युनिकेशन आणि संख्याशास्त्र होतं, पण सोबत सी लँग्वेज आणि डेटाबेसही होता. शेवटच्या वर्षापर्यंत गाडी जावा, सायबर सिक्युरिटी आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगवर पोचायची. हा तक्ता समोर असला की "बीबीए आहे म्हणजे मॅनेजमेंटच असणार" हा समज पाच मिनिटांत जातो. फक्त ताईचा किंवा दादाचा जुना सिलॅबस घेऊन बसू नका. नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांना 2024-25 पासून लागू झालं आणि रचना बदलली. तुमच्या बॅचला जो लागू आहे तोच उतरवा.

त्या तक्त्यात क्रेडिटचा रकाना असतो, तो कुणी बघत नाही. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तास शिकवणं आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. म्हणजे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर सेमिस्टरभरात 60 तास लॅबमध्ये जायला हवेत. हा आकडा डोक्यात ठेवून कॉलेज बघायला जा. माहितीपुस्तिकेतले फोटो राहू द्या, लॅबच्या दारावरचं वेळापत्रक वाचा. दुपारच्या बॅचच्या वेळी आत डोकावा. मशीन चालू आहेत का, मुलं स्वतः टाइप करतायत की एकाच्या मागे पाच उभी आहेत, हे दारातूनच दिसतं. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारा, "मागच्या आठवड्यात कोणतं प्रॅक्टिकल झालं?" त्याला पटकन सांगता आलं तर लॅब खरंच चालते.

आता निवड. आपल्याला व्यवस्थापन आवडेल की कम्प्युटर, हे घरबसल्या कळत नाही. मी मुलांना एक काम देते. गावातल्या दूध संकलन केंद्रावर एक संध्याकाळ उभे राहा. कॅन येतो, वजन होतं, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांचे आकडे उमटतात, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. घरी येऊन वहीची दोन पानं उघडा.

डाव्या पानावर माणसांचे आणि पैशांचे प्रश्न लिहा. एखादा शेतकरी हे केंद्र सोडून पलीकडच्या डेअरीला का गेला? बिल दहा दिवसांनी द्यायचं, पण वरून पैसे उशिरा आले तर मधले दिवस केंद्रचालक कसे काढतो? पशुखाद्य उधारीवर द्यावं का, आणि कितीपर्यंत? हे सगळं बीबीएचं पोट आहे. त्याला ग्राहक, खेळतं भांडवल आणि पत अशी नावं मिळतात, एवढंच.

उजव्या पानावर ती पावती कम्प्युटरमध्ये कशी साठवाल ते लिहा. बहुतेक मुलं आधी एकच तक्ता काढतात: नाव, तारीख, लिटर, फॅट, रक्कम. मग मी विचारते, गावात एकाच नावाचे दोघं असले तर? नावाऐवजी कोड येतो. शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा होतो, संकलनाचा वेगळा. कोड आणि तारीख मिळून नोंद ओळखता येईल असं वाटतं, पण दूध सकाळीही येतं आणि संध्याकाळीही, म्हणून वेळ जोडावी लागते. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, "मॅडम, आमच्याकडून गाईचं आणि म्हशीचं दोन्ही जातं." पुन्हा किल्ली, म्हणजे नोंद ओळखायची खूण, बदलते. इथे काही मुलांचे डोळे चमकतात आणि ती पुढची अडचण स्वतःच शोधायला लागतात. त्यांनी बिनधास्त बीबीए-सीए, बीसीए किंवा बीसीएस घ्यावं. ज्यांचं डावं पान भरून मागच्या पानावर गेलं त्यांनी बीबीए घ्यावं, आणि शेजारचा राहुल आयटीला गेला म्हणून मन वळवू नये.

निवड झाली की दोन पावलं पुढचं बघा. एमबीए कुठल्याही पदवीवर करता येतं, गुणांची अट पाळली की झालं. एमसीएला, म्हणजे कम्प्युटर ॲप्लिकेशनच्या पदव्युत्तर पदवीला, गणिताचीही अट बघावी लागते. पूर्वी बीसीए, बीएस्सी कम्प्युटर किंवा समकक्ष पदवी तरी लागायची, नाहीतर बारावीला किंवा पदवीला गणित तरी; तुमच्या वर्षीची अट काय आहे ते बघून घ्या. बारावी कॉमर्सला गणित सोडलंय, साधं बीबीए घेतलंय आणि तिसऱ्या वर्षी एमसीए करावंसं वाटलं, असं झालं की मुलं अडचणीत येऊ शकतात. मनात थोडी जरी शंका असेल तर दार उघडं ठेवणारा कोर्स घ्या. नव्या धोरणातल्या चौथ्या ऑनर्स वर्षाचा निर्णय आत्ता करायची गरज नाही. एमबीए किंवा एमसीएला तीन वर्षांची पदवी चालते.

आता प्रवेशाची वाट. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा (सीईटी) लागू झाली. इंग्रजी, रिझनिंग, सामान्य ज्ञान आणि कम्प्युटरची मूलभूत माहिती असा पेपर असतो. त्याचा अर्ज बारावीच्या निकालाच्या बराच आधी भरावा लागतो, त्यामुळे निकालानंतर जागे झालात तर उशीर होतो. काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदललं. मुंबईत बीएमएसचं अनेक ठिकाणी बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज झालं. तिथे सीईटी लागत नाही. अभ्यास वाईट असेलच असं नाही, पण तो कोर्स व्यावसायिक गणला जातो का आणि कुठली शिष्यवृत्ती मिळते, हे ऑफिसात लेखी विचारून घ्या.

हे महत्त्वाचं अशासाठी की जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. मुलीच्या वडिलांना मी हे आवर्जून सांगते, कारण "जागा पक्की करा" म्हणून घाईने कोट्यातून प्रवेश घेतला की तीन वर्षांची सवलत हातची जाते. पावती न देता कुणी पैसे मागितले तर देऊ नका. कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात 1987 पासून कायद्याने बंदी आहे.

कागदपत्रं निकालाची वाट न बघता एप्रिलपासूनच लावा: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, लागू असेल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरची मुदत प्रवेशाच्या वर्षानंतरच्या 31 मार्चपर्यंत असावी लागते; मागच्या वर्षीचा जुना दाखला बऱ्याचदा इथेच अडतो. जूनमध्ये सेतूवर रांग लागते आणि सर्व्हर रडतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही आजच बघा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी शेवटचं. पेपर इंग्रजीत असतात, पण पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत समजलं पाहिजे असं नाही. धडा वाचून वहीत मराठीत लिहा, मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा आणि मग त्याच मुद्द्याची पाच वाक्यं इंग्रजीत, न बघता लिहा. रोज एक मुद्दा. प्रवेश आणि कॉलेज सुरू होणं यात जे आठवडे मोकळे मिळतात, त्यात डेटाबेसचं पहिलं युनिट अशा पद्धतीने होऊन जातं.