रोबोट्स.टीएक्सटीमध्ये बंदी असूनही पान गूगलवर दिसत राहते: माझा अनुभव

माझ्या संकेतस्थळावरील जुन्या दरपत्रकांचा विभाग रोबोट्स.टीएक्सटी फाइलमध्ये (कोणती पाने वाचू नयेत हे शोधयंत्रांना सांगणारी फाइल) 'डिसअलाऊ' म्हणजे मना केलेला असूनही त्यातील पाने गूगलच्या शोधात वर्णनाविना दिसत होती, आणि सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळ-मालकांसाठीचे गूगलचे साधन) ती अडवलेली, तरीही इंडेक्स झालेली, म्हणजे शोधसूचीत नोंदलेली, असा शेरा येत होता.

पानांवर नोइंडेक्स टॅग ('हे पान शोधात दाखवू नका' अशी सूचना) घालूनही फरक पडला नाही. नोइंडेक्स रोबोट्स.टीएक्सटीतच लिहावे, हा अजूनही फिरणारा सल्ला १ सप्टेंबर २०१९ पासून निरुपयोगी आहे. सर्च कन्सोलमधील रिमूव्हल्स साधन पान केवळ सुमारे सहा महिने लपवते. वैताग आला, हे खरे.

कारण असे की, डिसअलाऊ फक्त पान वाचण्यास मनाई करते. अन्य संकेतस्थळांवरील दुव्यांवरून पत्ता कळला, तर गूगल तो न वाचताच नोंदवू शकते, आणि दार बंद असल्याने आतली नोइंडेक्सची पाटी त्याला दिसतच नाही.

म्हणून प्रथम पानांच्या कोडमधील सुरुवातीच्या हेड भागात नोइंडेक्स असल्याची खात्री केली. मग डिसअलाऊची ओळ काढली आणि सर्च कन्सोलच्या रोबोट्स.टीएक्सटी अहवालातून फाइल पुन्हा वाचण्याची विनंती केली, कारण तिची जुनी प्रत साधारणतः २४ तासांपर्यंत वापरली जाते. त्यानंतर तेथल्याच यूआरएल (पानाचा पत्ता) तपासणीतील थेट चाचणीत 'नोइंडेक्स आढळले' असे दिसल्यावरच पुन्हा इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलने पान पुन्हा वाचून पाहण्याची, विनंती पाठवली. पीडीएफमध्ये टॅग घालता येत नाही, तेथे सर्व्हरकडून एक्स-रोबोट्स-टॅग हे हेडर (फाइलसोबत जाणारी सूचना) नोइंडेक्ससह पाठवले. पाने हळूहळू निघून गेली. डिसअलाऊ मात्र पुन्हा लावलेले नाही.