ग्राफ उघडला की बोर्ड रीसेट: दोष सेमाफोरचा

एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरवर फ्रीआरटीओएस, म्हणजे कामं (टास्क) प्रायॉरिटीप्रमाणे चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. सर्वांत वरच्या प्रायॉरिटीला मोटर कंट्रोल, दर १० मिलिसेकंदांनी. मध्ये डिस्प्ले, तळाला लॉगिंग. कंट्रोल आणि लॉगिंग एकच आय-टू-सी बस (चिपांना जोडणारी दोन तारांची सामायिक वाहिनी) वापरतात. बोर्ड अधूनमधून रीसेट व्हायचा, तोही डिस्प्लेवर ग्राफ उघडा असतानाच. रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचलं तर वॉचडॉग, म्हणजे ठरलेल्या वेळेत रिफ्रेश न झाल्यास बोर्ड रीसेट करणारा टायमर.

हे प्रायॉरिटी इन्व्हर्जन: वरच्या प्रायॉरिटीचं काम खालच्यामुळे अडून बसणं. लॉगिंगने बस धरली की कंट्रोल थांबतो, इथवर ठीक. पण तेवढ्यात डिस्प्ले जागा होऊन लॉगिंगलाच बाजूला सारतो. ग्राफ काढून होईपर्यंत बस सुटत नाही आणि वॉचडॉगचे १०० मिलिसेकंद उलटून जातात. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचे रीसेट याच जातीचे.

बसला कुलूप म्हणून बायनरी सेमाफोर (घेतलेला की मोकळा एवढंच सांगणारी खूण) होता. त्यात प्रायॉरिटी इनहेरिटन्स नसतो, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला थांबलेल्या वरच्या टास्कची प्रायॉरिटी तात्पुरती मिळत नाही. तिथे म्युटेक्स घातला; त्यात इनहेरिटन्स असतो. म्युटेक्स घेणाऱ्या टास्कनेच सोडायचा, इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या हाकेसरशी चालणाऱ्या कोडमधून) हात लावायचा नाही. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता होणारी डेटाची ने-आण) संपल्याची खूण देणारा सेमाफोर मात्र तसाच ठेवा.

तरीही एका ट्रान्सफरइतकं थांबणं उरतंच. १०० किलोहर्ट्झवर एका बाइटला ९० मायक्रोसेकंद, म्हणजे ६४ बाइटांना जवळपास ६ मिलिसेकंद. दहातले सहा! म्हणून लॉगिंगचे ८-८ बाइटांचे तुकडे केले, प्रत्येकानंतर म्युटेक्स सोडून.

वॉचडॉगला टायमरच्या इंटरप्टमधून रिफ्रेश करण्याचा मोह टाळा. टास्क अडकले तरी इंटरप्ट चालूच राहतो. प्रत्येक टास्कने आपण चालू असल्याचा बिट लावावा, सगळे बिट आले तरच रिफ्रेश.