एक पट्टी, दोन विंडो : उबंटूचा डेस्कटॉप आपल्या कामाच्या सोयीने कसा लावावा

माझं काम भाषांतराचं. डावीकडे मूळ मजकुराची पीडीएफ, उजवीकडे लिबरऑफिस रायटर आणि अधूनमधून शब्दकोश बघायला फायरफॉक्स. दिवसभर नजर या तीन विंडोंमध्ये फिरत असते. लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ पिक्सेलची, म्हणजे उंचीला मुळातच तंगी. त्यात उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची एक पट्टी वर आणि डॉक, म्हणजे अॅपच्या आयकॉनची उभी पट्टी, डावीकडे. वरची पट्टी उंची खाते, डॉक रुंदी खातो आणि मजकुराला उरतं ते तेवढंच.

हे सगळं दोन एक्स्टेन्शनच्या, म्हणजे डेस्कटॉपला जोडायच्या छोट्या पूरक प्रोग्रामच्या, मदतीने तासाभरात बदलता येतं, टर्मिनलला (आज्ञा टाइप करायच्या विंडोला) हातही न लावता. मी उबंटू २४.०४ वर काम करते, म्हणून पायऱ्या त्याच्याच सांगते. त्यातला डेस्कटॉप, म्हणजे पट्ट्या, मेनू आणि विंडो दाखवणारा भाग, ग्नोम ४६ आहे. फेडोरा किंवा डेबियन अशा दुसऱ्या लिनक्सवर ग्नोम असेल तर थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं.

सुरू करण्याआधी एक विनंती. एक दिवस नेहमीसारखं काम करा आणि हात कुठे अडतो ते कागदावर टिपून ठेवा. उघडी विंडो सापडत नाही? मिनिमाइझ केलेली फाइल विसरायला होते? दोन विंडो शेजारी लावताना दरवेळी कडा धरून ओढाव्या लागतात? जे अडतं तेवढंच बदलायचं. एक्स्टेन्शनच्या यादीत मोह पाडणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण प्रत्येक एक्स्टेन्शन थेट ग्नोम शेलच्या, म्हणजे डेस्कटॉप चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामच्या, आत चालतं, त्यामुळे एकाच्या चुकीने सगळा डेस्कटॉप अडखळू शकतो. म्हणून ती मोजकी असावीत.

पहिली पायरी : आपलं व्हर्जन बघा

सेटिंग्ज उघडून ‘सिस्टिम’मध्ये जा, तिथून ‘अबाउट’ आणि मग ‘सिस्टिम डिटेल्स’. तिथे ग्नोमचं व्हर्जन दिसेल आणि विंडोइंग सिस्टिम, म्हणजे विंडो स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा, वेलँड आहे की एक्स११ तेही. हे नुसतं माहितीसाठी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्नोम ४५ ने एक्स्टेन्शनचा कोड लिहायची पद्धतच बदलली. त्याआधीची एक्स्टेन्शन त्या व्हर्जनवर जशीच्या तशी चालत नाहीत, त्यांच्या लेखकांना ती बदलून द्यावी लागली. त्यामुळे जुना लेख वाचून कुठलं एक्स्टेन्शन शोधत असाल तर ते तुमच्या व्हर्जनसाठी आहे का, हे आधी बघायचं.

दुसरी पायरी : एक्स्टेन्शन मॅनेजर

अॅप सेंटरमध्ये ‘एक्स्टेन्शन मॅनेजर’ शोधा. सापडलं नाही तर शोधाच्या वरच्या बाजूचा फिल्टर बघा. तो आपोआप स्नॅप पॅकेजवर असतो, तो डेबियन पॅकेजवर करा (अॅप मिळायचे हे दोन प्रकार). पुष्कळ जण इथेच ‘नाही मिळत’ म्हणून सोडून देतात.

या अॅपमध्ये दोन भाग आहेत. ‘इन्स्टॉल्ड’मध्ये आपल्याकडे असलेली एक्स्टेन्शन आणि त्यांची चालू-बंद बटणं, ‘ब्राउझ’मध्ये नवीन शोधायची सोय. ‘इन्स्टॉल्ड’मधल्या सिस्टिम एक्स्टेन्शनकडे आत्ताच नजर टाका. तिथे उबंटू डॉक आणि उबंटूचा टायलिंग असिस्टंट (विंडो शेजारी-शेजारी बसवायला मदत करणारा) आधीपासून असतात, आणि दोघांशीही आपलं पुढे काम आहे.

तिसरी पायरी : डॅश टू पॅनेल

‘ब्राउझ’मध्ये ‘डॅश टू पॅनेल’ शोधून इन्स्टॉल करा. लगेच वरची पट्टी आणि डॉक दोन्ही जाऊन खाली एकच पट्टी येईल. डावीकडे अॅपचे आयकॉन, उजवीकडे घड्याळ, वायफाय, बॅटरी. डावीकडचा डॉक तरीही तसाच राहिला तर एक्स्टेन्शन मॅनेजरमधून उबंटू डॉक बंद करा. डॅश टू डॉक नावाचं एक्स्टेन्शन घातलेलं असेल तर तेही बंद हवं, कारण दोघंही एकाच जागेवर हक्क सांगतात.

आता पट्टीच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून सेटिंग्ज उघडा. पर्याय इतके आहेत की गांगरून जायला होतं. मी त्यातले चारच हाताळले.

आधी जाडी. मुळात पट्टी ४८ पिक्सेल असते, ती मी ३६ वर आणली. ७६८ मधून ३६ गेले तर मजकुराला ७३२ उरतात. रायटरमध्ये एखाददुसरी ओळ जास्त दिसते, आणि दिवसभर स्क्रोल करणाऱ्याला त्या ओळीची किंमत कळते.

दुसरं, ‘बिहेविअर’ टॅबमधलं ‘अनग्रुप अॅप्लिकेशन्स’. हे चालू केलं की एकाच अॅपच्या सगळ्या विंडो एका आयकॉनखाली दडपल्या जात नाहीत, प्रत्येकीचं नाव पट्टीवर वेगळं दिसतं. माझ्याकडे रायटरच्या तीन फाइल उघड्या असतात : चालू प्रकरण, आधीचं प्रकरण आणि परिभाषेची यादी. तीनही नावं समोर असली की चुकीच्या फाइलमध्ये टाइप होत नाही. नावांची कमाल रुंदी १६० पिक्सेल असते, लहान स्क्रीनवर ती ११० केली तरी चालते. पण अक्षरांचा आकार कमी करू नका. देवनागरीतली जोडाक्षरं बारीक टायपात वाचताना डोळ्यांना त्रास होतो.

तिसरं, पट्टीवरच्या गोष्टींचा क्रम. ‘पोझिशन’ टॅबमध्ये घड्याळ, टास्कबार, अॅप दाखवणारं बटण असं सगळं वरखाली सरकवता येतं आणि नको ते लपवताही येतं. चौथं, ‘इंटेलिहाइड’, म्हणजे विंडो वर आली की लपणारी पट्टी. मी ते चालू करून पाहिलं आणि बंद केलं. खालच्या ओळीवर क्लिक करायला जावं तर पट्टीच वर येते. स्क्रीन फार लहान असेल तर तुम्ही करून बघा.

चौथी पायरी : विंडो शेजारी-शेजारी

ग्नोममध्ये सुपर की, म्हणजे बहुतेक कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेली की, दाबून डावा किंवा उजवा बाण दाबला की विंडो अर्ध्या स्क्रीनवर बसते. पण उरलेल्या अर्ध्या भागात काय हवं ते पुन्हा शोधत बसावं लागतं. टायलिंग असिस्टंट नेमकं तेवढंच काम सोपं करतो.

उबंटूमध्ये २३.१० पासून तो सोबतच येतो, म्हणून ‘ब्राउझ’मधून त्याच नावाचं दुसरं एक्स्टेन्शन घालू नका. दोन्ही एकाच शॉर्टकटसाठी भांडत बसतील. सेटिंग्जमध्ये ‘उबंटू डेस्कटॉप’ उघडा, खाली ‘एन्हान्स्ड टायलिंग’ दिसेल. ते चालू करा, आणि त्याखालची ‘टायलिंग पॉपअप’ व ‘टाइल ग्रुप्स’ ही दोन्ही बटणंही. फेडोरा किंवा डेबियनवर मात्र टायलिंग असिस्टंट ‘ब्राउझ’मधूनच घ्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष करून बघा. पीडीएफवर क्लिक करा, सुपर आणि डावा बाण दाबा. पीडीएफ डाव्या अर्ध्यात बसेल आणि उजव्या अर्ध्यात बाकीच्या उघड्या विंडोंचे आयकॉन येतील. त्यातला रायटर निवडा. झालं. १३६६ चे दोन भाग, प्रत्येकी ६८३ पिक्सेल. रायटरमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या झूमच्या आकड्यावर क्लिक करून पानाच्या रुंदीइतका झूम निवडा आणि बाजूपट्टी बंद करा, म्हणजे पान पूर्ण दिसतं. पीडीएफचा भाग थोडा मोठा हवा असेल तर दोघांमधली कड धरून ओढा, एक वाढेल तशी दुसरी कमी होईल.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो टाइल ग्रुपचा. मध्येच शब्दकोशासाठी फायरफॉक्स उघडला की तो दोन्ही विंडोंवर पसरतो. शब्द सापडला की पट्टीवरच्या रायटरच्या नावावर क्लिक करायचं, आणि रायटरबरोबर पीडीएफही पुढे येते, दोघी होत्या तशाच. पूर्वी मी एकेक करून दोन्ही वर आणायचे. दिवसातून शंभरदा होणारी गोष्ट अर्धी झाली की संध्याकाळी मनगटाला कळतं.

चार विंडो हव्या असतील तर विंडो ओढून स्क्रीनच्या कोपऱ्यात न्या, ती पाव भागात बसते. लहान लॅपटॉपवर याचा फारसा उपयोग नाही, मोठ्या मॉनिटरवर आहे. आणि तीन उभे भाग, पाच-तीनचं प्रमाण असलं काही मनात असेल तर जीटाइल बघा. तो स्क्रीनवर चौकटींची जाळी उघडतो, त्यातल्या हव्या तेवढ्या चौकटी माउसने निवडल्या की विंडो तेवढ्या जागेत बसते.

पॉप शेल आणि फोर्ज ही आणखी दोन नावं वाचायला मिळतील. ती प्रत्येक नवी विंडो आपोआप जागेवर बसवतात. कोड लिहिणारे आणि पाच-सहा टर्मिनल उघडे ठेवणारे त्यावर खूश असतात. लेखन-वाचनाच्या कामाला मला ती सुचवावीशी वाटत नाहीत. नवी विंडो उघडली की समोरच्या पानाची रुंदी बदलते आणि वाचत असलेली ओळ हरवते.

ग्नोमऐवजी दुसरा डेस्कटॉप असेल तर काम आणखी सोपं आहे. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये खालची पट्टी आणि सुपर-बाणाची सोय पहिल्यापासून असते. एक्सएफसीईमध्ये विंडो मॅनेजरच्या कीबोर्ड टॅबमध्ये डावी-उजवी टाइल करायचे शॉर्टकट आपल्या पसंतीने ठरवता येतात. केडीई प्लाझ्मात ५.२७ पासून सुपर आणि टी दाबलं की स्क्रीनचे भाग पाडायचा एडिटर उघडतो, आणि मग शिफ्ट दाबून विंडो ओढली की ती त्या भागात बसते.

काही बिघडलं तर

नवीन एक्स्टेन्शन एका वेळी एकच घाला आणि दोन-तीन दिवस वापरा. म्हणजे बिघडलं तर कशामुळे ते शोधावं लागत नाही. पट्टी विचित्र दिसू लागली तर एक्स्टेन्शन मॅनेजरमधून ते बंद करून पुन्हा चालू करा. तेवढ्याने भागलं नाही तर उघड्या फाइल सेव्ह करून लॉग आउट व्हा आणि परत या. वेलँडवर शेल नव्याने सुरू करायचा तोच मार्ग आहे. सगळीच एक्स्टेन्शन एकदम गायब झाली असतील तर घाबरू नका. शेल क्रॅश झाल्यावर कधी कधी ग्नोम स्वतःच ती बंद करतं. एक्स्टेन्शन मॅनेजरमधलं सगळ्यात वरचं मुख्य बटण चालू केलं की ती परत येतात.

उबंटूचं पुढचं व्हर्जन घेण्याआधी एक्स्टेन्शन मॅनेजरच्या मेनूतला ‘अपग्रेड असिस्टंट’ जरूर चालवा. येणाऱ्या ग्नोमचं व्हर्जन निवडलं की तुमच्याकडचं कुठलं एक्स्टेन्शन चालेल आणि कुठलं नाही, ते तो सांगतो. कामाची मुदत आठवड्यावर आली असेल तर अपग्रेड पुढे ढकला. आणि डॅश टू पॅनेलच्या ‘अबाउट’ टॅबमधून सगळी सेटिंग्ज एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. लॅपटॉप बदलला तरी तीच फाइल इम्पोर्ट केली की पट्टी जशी होती तशी समोर येते.