आजच्या नृत्यरचनेतील जुने पाऊल कसे शोधावे

जळगाव-धुळ्यातील नृत्यवर्गांच्या कार्यक्रमांत आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत आता समकालीन नृत्याच्या रचनाही सादर होतात, आणि त्यांची ओळख करून देताना निवेदक अनेकदा "सातपुड्याच्या आदिवासी परंपरेवर आधारित" असे म्हणतो. ज्याला अशा रचनांचा अभ्यास करायचा आहे, त्याने 'आधारित' या शब्दापासूनच सुरुवात करावी. नेमके काय आधाराला घेतले आहे? पाऊल, ठेका, वेशभूषा, कथा, की केवळ नाव? याचे उत्तर मिळेपर्यंत आपल्या टिपणात 'परंपरा' हा शब्द लिहू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते.

विषय लहान घ्यावा. एक रचना, तिच्यातील दोन-तीन मिनिटांचा भाग आणि त्या भागातील एखादी हालचाल एवढे पहिल्या काही महिन्यांना पुरते. त्या भागाचा व्हिडिओ मिळवून तो आधी आवाज बंद करून पाहावा, कारण ढोल कानावर पडला की साध्या पावलातही आपल्याला सातपुडा दिसू लागतो. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, गुडघा किती वाकतो, टाच आधी टेकते की चवडा, कंबर खांद्यांबरोबर वळते की वेगळी, नजर कुठे लागली आहे, फेर कोणत्या बाजूने धरला आहे, हे सारे साध्या मराठीत लिहून काढावे. 'जोशपूर्ण', 'रांगडे' अशी विशेषणे टाळावीत. त्यांतून पाहणाऱ्याची भावना कळते, नाचणाऱ्याचे पाऊल कळत नाही.

यानंतर नृत्यरचनाकाराकडे जावे आणि प्रत्येक हालचालीबद्दल ती कोणाकडून, कोणत्या वर्षी आणि कशी आली ते विचारावे. उत्तरे लिहून घेताना मी तीन रकाने ठेवते. पहिल्या रकान्यात जे प्रत्यक्ष कोणाच्या हाताखाली शिकले ते, दुसऱ्यात जे पाहून उचलले ते, आणि तिसऱ्यात रचना पूर्ण झाल्यावर जिला परंपरेचे नाव दिले गेले ती हालचाल. तिन्ही प्रकारचे नाते खरे असते, पण त्यांचे वजन सारखे नसते. शिवाय तिसरा रकाना भरताना समोरच्याचा मान राखूनच प्रश्न विचारावा लागतो.

मग प्रत्यक्ष नाचाकडे जावे, आणि या कामाला घाई चालत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात काठी येथील होळी रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. सातपुड्यातील गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळे एकाच मोसमात दोन-तीन गावे पाहता येतात. नवस असलेले पुरुष बावा, बुध्या अशी रूपे घेतात; अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू किंवा वाळलेले भोपळे असतात, आणि त्याआधीचे काही दिवस त्यांनी कडक व्रत पाळलेले असते. अभ्यासकाने केवळ होळीच्या रात्री न जाता व्रताच्या दिवसांतही गावात जावे, आधी गावातील जाणत्यांची परवानगी घ्यावी, आणि जे चित्रित करू नका म्हणतील ते करू नये. पावरी किंवा भिली बोलणारा सहकारी सोबत असावा, कारण नाचाला, ठेक्याला आणि चुकलेल्या पावलाला गावात जे शब्द आहेत, तेच या अभ्यासाचे सर्वांत मोलाचे साहित्य आहे.

इथे शब्दांची एक गल्लत होण्यासारखी आहे. पावरा समाजाची बोली ती पावरी. आणि साक्री भागात कोकणा समाजाच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजते ते दुधी भोपळ्यापासून बनवलेले, फुंकून वाजवायचे सुषिर वाद्यही पावरीच. 'पावरी नाच' असे कोणी म्हटले तर तो समाज, गाव आणि वाद्य यांपैकी कशावरून बोलतो आहे, हे लगेच विचारून घ्यावे.

होळीच्या नाचात कमरेकडे नीट पाहावे. घुंगरू कमरेला बांधले की नुसता पाय आपटून भागत नाही. गुडघे सैल सोडून सगळ्या धडाला झोल द्यावा लागतो, तेव्हा कुठे आवाज उठतो. मी अभ्यासलेल्या एका रचनेत टोप तोच होता, अंगावरची नक्षीही बरीचशी तशीच होती, पण घुंगरू कमरेवरून घोट्यांवर आले होते. त्याबरोबर गुडघा ताठ झाला, धड स्थिर झाले आणि पायांचे आघात मोजूनमापून पडू लागले. कारण विचारल्यावर त्या रचनाकाराने मोकळेपणाने सांगितले की तिचे शिक्षण कथकचे आहे आणि पाय आपोआप तत्कारावर, म्हणजे कथकच्या पदाघातांवर, जातात. त्या रचनेच्या पोशाखाचे नाते सातपुड्याशी होते, पण शरीराचे नाते कथकशी होते, आणि ही दोन्ही नाती नोंदवल्यावरच तिचा अभ्यास पूर्ण झाला.

कागदपत्रांसाठी जिल्ह्यांचा इतिहास ठाऊक हवा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरील खंड 1880 सालचा आहे. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. म्हणून आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या अक्राणी तालुक्याबद्दलचे जुने लेखन नंदुरबारच्या नावाखाली शोधू नये, ते खानदेश, पश्चिम खानदेश किंवा धुळे या नावाखाली शोधावे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे ग्रंथालय इथून आरंभ करता येतो. गॅझेटिअर वाचताना ते परक्या राज्यकर्त्यांनी कारभारासाठी लिहिले आहे, हे ध्यानात ठेवावे. त्यात नाचाची नोंद सापडली तर तिच्यावरून नाच होता एवढे म्हणता येते, पाऊल कसे पडत होते ते म्हणता येत नाही.

"जुने" म्हणजे किती जुने, हेही तपासावे लागते. आज आपण भरतनाट्यम म्हणतो त्याला हे नाव सर्वत्र मिळाले ते 1930 च्या दशकात. त्याआधी त्याला सदिर म्हणत, आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था स्थापन केली ती 1936 मध्ये. त्याच सदिरसाठी तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी मराठीत रचना केल्या आणि विसाव्या शतकात आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने आवर्जून वाचावी. उदयशंकर 1923 मध्ये रशियन बॅले नर्तकी अॅना पावलोवा यांच्याबरोबर नाचले तेव्हा ते लंडनला चित्रकला शिकलेले होते आणि त्यांनी कोणत्याही शास्त्रीय नृत्याची रीतसर तालीम घेतलेली नव्हती. नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांनी 1985 च्या 'अंगिका' या रचनेत भरतनाट्यमच्या शेजारी कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग ठेवले. ही उदाहरणे समोर असली की जुन्याकडून नव्याकडे जाणारी एकच सरळ रेषा आपण काढत नाही. होळीचा नाचही बदलतो. खानदेशातील कानबाई देवीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत जुन्या गाण्यांच्या जागी डीजे आला, तसे तिथेही काय आले आणि केव्हा आले ते साठीच्या पुढच्या नाचणाऱ्यांना विचारावे, आणि साल आठवत नसेल तर "मोठ्या मुलाच्या लग्नाआधी की नंतर" असे विचारून काळ बांधून घ्यावा.

टिपण पूर्ण झाल्यावर रचनेचा व्हिडिओ घेऊन पुन्हा त्याच गावी जावे, नाचणाऱ्यांना तो दाखवावा, आणि ते काय ओळखतात व कुठे मान हलवतात ते शेजारी बसून पाहावे. एखाद्या वृद्धाने "हे आमचे नाही" असे म्हटले, तर ते वाक्य त्याच्याच बोलीत, तारीख आणि गावाच्या नावासह, टिपणाच्या पहिल्या पानावर लिहावे आणि त्या पानाची एक प्रत नृत्यरचनाकाराला द्यावी.