जुन्या पोलादभट्टीचे उत्खनन करताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या शेफिल्डसारख्या जुन्या पोलादी शहरात नव्या इमारतीचा पाया घालण्याआधी उत्खनन करायचे झाले, तर सर्वांत महागडी चूक बहुधा पहिल्याच दिवशी होते. वरचा विटांचा राडारोडा निरुपयोगी समजून तो यंत्राने एका दमात उचलला जातो. वास्तविक, भट्टीच्या अस्तरातल्या, उष्णतेने काचेसारख्या झालेल्या विटा त्यातच असतात आणि त्या कोठे पडल्या याची नोंद नसेल, तर भट्टीची जागा ठरवण्याचा एक पुरावा हातचा जातो. यंत्र लागतेच, मात्र त्याचे बकेट बिनदाती असावे आणि माती थराथराने उतरवावी.

दुसरी चूक खोलीच्या अंदाजाची. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात मुशीत, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीच्या भांड्यात, पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. अशा भट्ट्यांची तोंडे कामाच्या फरशीच्या पातळीवर असत आणि हवा खेचण्यासाठी व राख काढण्यासाठी खाली तळघर असे. फरशी लागली म्हणून काम थांबवले, तर सर्वांत चांगला टिकलेला भाग खालीच राहतो. उलट, तळघर पोकळ असल्याचे न तपासता वर यंत्र चढवले, तर छतासह यंत्रही खाली जाऊ शकते. रचना डोळ्यांपुढे येत नसेल, तर शेफिल्डमध्येच ॲबीडेल येथे जतन केलेली मूसभट्टी आधी पाहून यावी.

मुशींची खापरे पोत्याने निघतात आणि तिथेच हात सैल सुटतो. एक मूस साधारण तीनदा वापरली जाई आणि दर खेपेला तीत माल थोडा कमी भरत, कारण मळीच्या, म्हणजे वितळलेल्या पोलादावर तरंगणाऱ्या कचऱ्याच्या, रेषेवर तिची भिंत झिजत असे. त्यामुळे खापरीच्या आतल्या अंगावर एकाखाली एक आडव्या रेषा दिसल्या, तर ती मूस किती वेळा भट्टीत गेली याचा अंदाज करता येतो. ब्रशने खरवडून ‘स्वच्छ’ केलेली खापरी मात्र मुकी होते. सगळी खापरे ठेवणे परवडत नाही हे मान्य, पण निवड मोजणीनंतर करावी.

केवळ विटेवरून भिंतीचा काळ ठरवू नये. जुन्या विटा पुन्हा सर्रास वापरल्या जात. मातीत शिसे व आर्सेनिक असू शकते, म्हणून तपासणीचा अहवाल आल्याशिवाय चर उघडू नये.

लोहारकामाच्या जागी माती चाळून तिच्यावर लोहचुंबक फिरवावा, मात्र चिकटलेला प्रत्येक कण घणाखालची पापडी, म्हणजे तापलेले लोखंड ठोकताना उडणारा पापुद्रा, समजू नये. गंजाचे पापुद्रे आणि भाजलेल्या विटेचा चुराही चिकटतो, म्हणून मोजणीआधी कण भिंगाखाली घ्यावेत.