रंगाला फसू नका: एकसारखी दिसणारी फुलपाखरं कशी ओळखावीत

पाऊस ओसरला की रुईच्या झुडपाभोवती एक केशरी फुलपाखरू संथपणे तरंगताना दिसतं. आपण वहीत ‘प्लेन टायगर’ लिहून पुढे जातो. बहुतेक वेळा नोंद बरोबरच असते. पण एखाद्या वेळी ती डॅनेड एगफ्लायची मादी असते, आणि ती अशी नजरेखालून निसटली की फार हळहळ वाटते.

प्लेन टायगरचा सुरवंट रुईची विषारी पानं खातो, म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायच्या अंगात असं विष नाही, पण तिच्या मादीने वेश मात्र तोच घेतलाय. अशा नकलेचा उलगडा इंग्रज निसर्ग अभ्यासक हेन्री बेट्सने ॲमेझॉनमधल्या फुलपाखरांवरून १८६२ साली केला. नक्कल रंगाचीच असल्यामुळे ओळख पटवताना रंग सोडून बाकी सगळं बघायचं.

सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान बाहेर पडा. तेव्हा फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात. दिसल्याबरोबर जवळ धावू नका. आधी दुरूनच एक फोटो घ्या, मग वाकून, आपली सावली त्याच्यावर पडू न देता हळूहळू पुढे सरका. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू टिपायचा प्रयत्न करा.

आता नजर थेट मागच्या पंखावर न्या. प्लेन टायगरच्या पंखात मधोमध तीन-चार ठळक काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला मधे काहीच नसतं, फक्त वरच्या कडेला एखादा ठिपका. मग छाती बघा: टायगरची काळी, त्यावर पांढरे टिपके, एगफ्लायची तपकिरी आणि साधी. एवढं दिसलं की शंका उरत नाही.

झाडही बघा. अंडी घालायला टायगर रुईवर जाते, एगफ्लाय जमिनीलगतच्या घोळावर. हो, आपण भाजी करतो तोच घोळ! जवळपास एगफ्लायचा काळा नर दिसला, पांढऱ्या गोल ठिपक्यांना जांभळी झळाळी असलेला, तर घोळाच्या आसपास थोडं थांबाच.

कॉमन रोझ आणि कॉमन मॉर्मनच्या मादीचंही असंच. दोघी काळ्या, मागच्या पंखावर पांढरे आणि लाल डाग, दोघींना शेपटी. इथे पंख विसरा, पोट बघा. लाल असेल तर रोझ, काळं असेल तर मॉर्मन. फुलावर बसल्यावरही यांचे पंख फडफडत राहतात, त्यामुळे पोट दिसायला वेळ लागत नाही. कढीपत्त्याभोवती घुटमळत असेल तर बहुधा मॉर्मनच.

आणि मागचा पंख दिसायच्या आत उडून गेलं, तर नाव लिहू नका. ‘केशरी, टायगरसारखं, मागचा पंख दिसला नाही’ एवढंच लिहा, शेजारी झाडाचं नाव आणि वेळ. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिथे जाऊन बघता येतं.